उसळलं विमान? नाक दाबू नका!

रिठदच्या शिवारातून वर पाहिलं की विमान म्हणजे निळ्या आभाळातली एक पांढरी रेघ. त्या रेघेच्या पुढच्या टोकाला बसायचं स्वप्न बघणारे आपल्या वाशिम जिल्ह्यातही आहेत. आणि ते स्वप्न आता जवळ आलंय. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तिथेच वर्षाला १८० पायलट घडवायचं उद्दिष्ट ठेवून एअर इंडियानं प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली आहे. गोंदियाजवळच्या बिरसीत, बारामतीत आणि धुळ्यात तर शिकाऊ विमानं कधीपासूनच घिरट्या घालतात.

आता मुद्द्याचं. विमान वर नेणं त्यातल्या त्यात सोपं. खरी परीक्षा ते खाली आणताना होते. चाकं धावपट्टीला टेकतात आणि दुसऱ्याच क्षणी विमान टुणकन परत हवेत! याला म्हणतात बाऊन्स. शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला तो भेटतो. उतरणं जमेपर्यंत इन्स्ट्रक्टर तुम्हाला एकट्यानं उडू देत नाहीत. प्रत्येक जादा तासाचे हजारो रुपये लागतात. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलं असेल, तर हा आकडा डोक्यात घुमतोच. म्हणून बाऊन्स समजून घ्या.

विमान उसळतं का?

चाकांचा दणका हे एक कारण. पण मोठं कारण म्हणजे पंखांत शिल्लक असलेली उचल. वेग जास्त असेल तर विमानाची उडायची हौस फिटलेली नसते. तुम्ही त्याला जबरदस्तीनं टेकवलं, की ते परत वर जातं.

गणित बघा. छोट्या सेसना विमानाचा उतरतानाचा वेग साधारण ६० ते ६५ नॉट, म्हणजे ताशी ११० ते १२० किलोमीटर. वेग फक्त १० टक्क्यांनी वाढला, तर ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. बारावीचं फिजिक्स इथे कामाला येतं! त्यात जमिनीजवळ, पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर, विमानाला हवेचा विरोध कमी होतो आणि ते तरंगत राहतं. आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक भर: तापलेल्या काळ्या जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि उतरणाऱ्या विमानाला हलवून सोडतात. तेव्हा शिकाऊंसाठी सकाळची वेळ बरी.

टाळायचा कसा?

एक, वेग आधीच जमवा. शेवटच्या टप्प्यात वेग आणि उतरण्याचा कोन दोन्ही स्थिर हवेत. ते स्थिर नसतील, तर खाली येऊन काही सुधारत नाही.

दोन, नजर लांब ठेवा. टेकायच्या आधी, चाकांसमोर नाही, धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाकडे बघा. बाईक चालवताना आपण पुढच्या चाकाकडे बघतो का? तसंच हे. जवळ बघितलं की जमीन अंगावर आल्यासारखी वाटते आणि हात घाईत मागे खेचला जातो.

तीन, फ्लेअर हळुवार करा. फ्लेअर म्हणजे शेवटच्या काही फुटांवर नाक हलकेच वर घेणं. क्रिकेटमध्ये उंच कॅच घेताना हात चेंडूबरोबर मागे नेतो ना, तसंच. फार वर केलं तर विमान दाणकन खाली पडतं. उशीर केला तर नाकाचं चाक आधी आदळतं. विमानाला थोडं थांबवून धरायचं, वेग संपू द्यायचा. मग मागची चाकं आपोआप टेकतात.

तरी उसळलंच तर?

इथे जीव धोक्यात येतो तो घाबरून नाक खाली दाबल्यामुळे. दाबलं की नाकाचं चाक आदळतं, विमान आणखी उंच उसळतं. पुन्हा दाबलं की पुन्हा उसळतं. दरवेळी दणका मोठा होतो. दोन-तीन उड्यांत नाकाचं चाक मोडू शकतं, पंखा जमिनीला घासू शकतो.

उडी छोटी असेल तर नाक उतरण्याच्या स्थितीतच धरा, लागलं तर किंचित पॉवर द्या आणि विमानाला परत टेकू द्या. उडी मोठी असेल, दिशा बिघडली असेल किंवा मनात जरा जरी शंका असेल, तर सरळ गो-अराउंड: पूर्ण पॉवर, नाक योग्य स्थितीत, विमान सरळ. वेग घेतल्यावर फ्लॅप टप्प्याटप्प्यानं आत. एक चक्कर मारून परत या.

हे वाचायला सोपं आहे, करायला कठीण. कारण गो-अराउंड म्हणजे आपण नापास झालो असं वाटतं, शिवाय त्या चकरेचे पैसे डोळ्यांसमोर नाचतात. पण मोडलेल्या विमानाच्या बिलापुढे ती चक्कर काहीच नाही. परत फिरायचं ठरवणारा विद्यार्थी कमी पडत नाही. पायलट म्हणून तो एक पायरी वर चढलेला असतो.

निघायच्या आधी

कमर्शियल लायसन्ससाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वय किमान १८, क्लास वन मेडिकल आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या, नाहीतर पैसे अडकतील. आणि संस्था बघायला गेलात की इन्स्ट्रक्टरना एक प्रश्न नक्की विचारा: 'सर, गो-अराउंड पहिल्यांदा कधी शिकवता?'