शनिवार तेली, पेणकर आणि रोहेकर

पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण-रोहे परिसरात जी लोकनामे रूढ झाली, त्यांत माणसाच्या उदीमाची व मूळ गावाची नोंद सरकारी दप्तराइतकीच निष्ठेने जपलेली आढळते. समुद्रमार्गे कोकणात आल्याची परंपरा सांगणारे बेने इस्रायल हे यहुदी लोक गावोगावी तेलाचे घाणे चालवीत, परंतु धर्माज्ञेप्रमाणे शनिवारी घाण्याचे बैल सोडून काम बंद ठेवीत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले, आणि त्यांनी स्वतः पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी ग्रामवाचक आडनावे धारण केली, जी १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्या अनेक कुटुंबांनीही टाकली नाहीत.

नावांप्रमाणेच या परिसराची बोलीही स्वतःची ओळख जपते. मिठागरांशी ज्यांचे नाव व परंपरागत निर्वाह निगडित, त्या येथील आगरी समाजाच्या बोलीत ‘मला’चे ‘मना’, ‘पाणी’चे ‘पानी’, ‘गाडी’चे ‘गारी’ होते, व हे उच्चारभेद इतके नियमबद्ध आहेत की त्यांना अशुद्ध म्हणणे हे निव्वळ अज्ञान होय. शाळेत प्रमाणभाषा अवश्य शिकवावी. परंतु ‘मना’ म्हणणाऱ्या मुलाला कोणी हसणार नाही, एवढी दक्षता प्रत्येक शिक्षकाने व पालकाने घ्यावी.