मजुरी वाढली नाही, म्हणजे घटलीच

गटाच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी निघतो: काम सरकारचं असेल, तर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी चालते का?

किमान वेतन म्हणजे कायद्याने ठरवलेली तळाची मजुरी. १९४८ पासून तसा कायदा आहे. राजस्थानात दुष्काळी कामावर रस्ता बांधणाऱ्या बायांना ही मजुरी पुरी मिळत नव्हती. तेव्हा दर होता दिवसाला सात रुपये. सरकारचं म्हणणं, दुष्काळी कामांना हा कायदा लागू नाही, तशी सूट आम्ही दिली आहे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. पोटाची आग माणसाला कमी मजुरीवरही राबायला लावते, म्हणून किमान वेतनाहून कमी देणं ही वेठबिगारीच, असं न्यायालयाने सांगितलं. वेठबिगारीला घटनेच्या कलम २३ ची बंदी आहे.

तरी पुढे हाच प्रश्न पुन्हा आला. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात कलम ६(१) होतं. किमान वेतन काहीही असलं, तरी केंद्र सरकार हमीच्या कामाचा वेगळा दर ठरवू शकेल, असं ते कलम. १ जानेवारी २००९ ला केंद्राने ते वापरलं. मग राज्याने शेतमजुरीचा किमान दर वाढवला, तरी हमीच्या कामावर तो आपोआप मिळेना.

मजुरी कुणी कापली नव्हती, नुसती तिथेच ठेवली. पण हिशेब करून बघा. शंभर रुपयांत वीस रुपयांचा तांदूळ पाच किलो येतो. भाव पंचवीस झाला की चारच किलो. हातात शंभरच, पण एक किलो गेला.

याविरुद्ध २०१० च्या ऑक्टोबरपासून जयपूरला मजुरांनी ४७ दिवस धरणं धरलं. त्यात अरुणा रॉय होत्या. सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षा सोनिया गांधी यांनीही पंतप्रधानांना पत्र लिहून किमान वेतन देण्याचा आग्रह धरला. केंद्राची अडचण अशी, की दर वाढवणार राज्य आणि पैसे भरणार केंद्र. शेवटी जानेवारी २०११ पासून हमीची मजुरी महागाईच्या आकड्याला जोडली गेली. किमान वेतनाला मात्र जोडली नाही. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली नाही.

म्हणजे बघा, विरोध झाला म्हणून निदान भाववाढीइतकं तरी पदरात पडलं. गप्प बसलं असतं तर तेही नाही.

तेव्हा गावात सरकारी काम निघालं, की ग्रामपंचायतीत दोन दर विचारा: या कामाचा दर किती, आणि शेतमजुरीचं किमान वेतन किती? दोन्ही गटाच्या वहीत शेजारी शेजारी लिहा. फरक दिसला, तर ग्रामसभेत उभं राहून विचारा आणि ठराव मागा. एकटीचा आवाज दबतो. दहाजणींचा इतिवृत्तात लिहावा लागतो.