तंजावूरला मुक्काम करा

दक्षिणेच्या सहलीत तंजावूरच्या वाट्याला येतात जेमतेम दोन तास. त्रिचीहून निघालेली बस देवळाच्या दारात थांबते, मंडळी नंदीसमोर फोटो काढतात, शिखराकडे मान वर करून बघतात आणि जेवणाच्या वेळेला बस मदुराईच्या रस्त्याला लागलेलीही असते. मला याचं फार वाईट वाटतं. भोसल्यांच्या एका शाखेने या गावावर जवळजवळ एकशेऐंशी वर्षं राज्य केलं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे इथे गादीवर बसले आणि 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले तेव्हा इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं. त्या काळातलं खूप काही अजून जागेवर आहे; भिंतींवर, कपाटांत आणि थोडं जेवणाच्या पानावरही. ते बघायला तीन रात्री तरी हव्यात.

पोचणं अवघड नाही. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून उळवन एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी तंजावूरला सोडते. विमानाने जायचं तर त्रिचीला उतरायचं. तिथून रस्त्याने साधारण दीड तास. राहायला कुंभकोणमपेक्षा तंजावूर बरं, कारण बृहदीश्वराचं देऊळ एकदा बघून भागत नाही आणि ते चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं केव्हाही चांगलं.

या देवळाला दोनदा जावं, एकदा अगदी सकाळी आणि एकदा दिवस कलताना. मधल्या वेळात देऊळ बंद असतं, आणि उघडं असलं तरी अंगणातला दगड असा तापतो की अनवाणी चालवत नाही. पहिल्या राजराज चोळाने 1010 मध्ये हे पूर्ण केलं. दोनशे फुटांहून उंच शिखर, सगळं ग्रॅनाइटचं. आणि हा सगळा मुलूख म्हणजे कावेरीच्या गाळाची सपाट भातशेती, मैलोन् मैल डोंगराचा पत्ता नाही. एवढा दगड बाहेरून आणला, घडवला, वर चढवला. गाइड सांगतील की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. ती पडते, संध्याकाळी अंगणात उभं राहिलं की स्वच्छ दिसते. या देवळाची खरी नवलाई अशा गोष्टींत शोधायची गरजच नाही, ती जोत्यावर कोरलेली आहे. तळाच्या दगडांवर ओळीच्या ओळी तमिळ लेख आहेत, आणि त्यांत राजाने देवळाला काय दिलं याचा बारीकसारीक हिशेब आहे: कुठल्या गावाने काय पुरवायचं, दिव्यांचं तूप कुणी घालायचं. देवळाच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावंही त्यात आहेत, प्रत्येकीचं मूळ देऊळ आणि इथे तिला दिलेलं घर यांच्यासकट. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायका आपल्याला नावानिशी आणि पत्त्यानिशी कळतात. भारतातल्या किती राजांनी अशी नोंद ठेवली असेल?

तिथून नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडच्या ओवऱ्यांत जा. इथल्या भिंतीवर मात्र लिपी देवनागरी आहे आणि भाषा मराठी. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास या भिंतीवर कोरून घेतला. भिंतीमागून भिंत तो चालूच राहतो. मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. अक्षरं बारीक आहेत, काही ठिकाणी झिजलीही आहेत, पण तिरका उजेड पडला की शब्द लागत जातात. जवळ उभं राहून एखादी ओळ बोटाने न शिवता वाचायचा प्रयत्न करा. तमिळ मुलखातल्या चोळांच्या देवळात आपली बखर आपण वाचतो आहोत, या जाणिवेसाठी एक अख्खी सकाळ दिली तरी ती थोडीच.

राजवाडा तिथून दीड-दोन किलोमीटरवर. मुळात तो मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला. दरबाराची रंगीत कमानदार बैठक आणि चोळकालीन ब्राँझच्या मूर्तींचं दालन ही दोन ठिकाणं सावकाश बघावीत; बाकीचे भाग पटकन उरकले तरी चालेल. खरा वेळ राखून ठेवायचा तो सरस्वती महाल ग्रंथालयासाठी.

सरफोजींची गोष्ट माहीत असेल तर हे ग्रंथालय अधिक कळतं. 1799 च्या तहाने त्यांच्या हातून राज्यकारभार गेला. उरला तो किल्ला आणि वर्षासन. अशा अवस्थेत त्यांनी आपली सगळी बुद्धी विद्येकडे वळवली. लहानपणी त्यांना ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने शिकवलं होतं. राजांना अनेक भाषा येत. त्यांनी वाड्यात छापखाना काढला, आणि 1806 मध्ये त्यातून इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर देवनागरी अक्षरांत छापून निघालं. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचं मराठी नाटक. त्यात एक कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी बाई, चक्क जगाचा भूगोल सांगते. धन्वंतरी महालात औषधं तयार होत, आणि डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसह ठेवली जात. 1820 च्या सुमारास राजे काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही हस्तलिखितं जमवून आणली. नायकांच्या काळापासूनचा हा साठा आज सुमारे 49 हजार हस्तलिखितांचा आहे. बहुसंख्य संस्कृत, त्यानंतर तमिळ, मराठी आणि तेलुगू. शिवाय मोडी कागदांची बाडं. मूळ साठा अभ्यासकांसाठी आहे, पण लागून असलेलं छोटं संग्रहालय सगळ्यांना खुलं असतं. तिथे माणसांचे आणि जनावरांचे चेहरे शेजारी शेजारी मांडलेली फ्रेंच चित्रं आहेत, चीनमधल्या शिक्षांची चित्रं आहेत, ताडपत्रांवरची बारीक अक्षरं आहेत. खोली लहान आहे. चटकन बघून बाहेर पडू नका.

आणि तिथवर गेलाच आहात तर शिवगंगा तलावाजवळच्या जुन्या किल्ल्यातलं श्वार्ट्झचं चर्चही बघा. आत संगमरवरी शिल्प आहे: गुरू मृत्युशय्येवर, आणि त्याचा हात हातात घेऊन उभे असलेले सरफोजीराजे. इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समनकडून राजांनी ते करवून घेतलं. वाड्यातला सरफोजींचा पुतळाही त्याच्याच हातचा.

आता जेवणाकडे वळू. तंजावूरमध्ये सांबाराची एक गोष्ट कुणीतरी सांगणारच: तंजावूरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, म्हणून आमटीत चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांवरून तिचं नाव पडलं. ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. त्याहून भक्कम पुरावा पानात वाढलेला असतो. डांगर पचडी मागवा: उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आपल्याकडचं डांगर ज्याने खाल्लं आहे त्याला पहिल्या घासालाच ओळख पटते. पुरणाची पोळी इथे ‘बोळी’ म्हणून मिळते, केळीच्या पानावर थापलेली, नारळाच्या सारणाचीही. सरफोजींच्या काळातलं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महालाने छापलं आहे. स्वयंपाकात रस असेल तर त्यांच्या विक्रीकेंद्रात विचारा.

सकाळच्या न्याहारीला इडली-डोशाबरोबर कडप्पा मिळतो का ते आवर्जून विचारा. तंजावूर-कुंभकोणम पट्ट्याबाहेर तो फारसा भेटत नाही. मूगडाळ आणि बटाटा शिजवून त्यात ओलं खोबरं, खसखस, बडीशेप आणि हिरवी मिरची यांचं वाटण घातलेलं, फिकट पिवळं, पळीवाढं कालवण. तिखटपणा मागे राहतो आणि बडीशेपेचा वास पुढे येतो. गोडामध्ये दोन गोष्टी: तंजावूरची चंद्रकला, म्हणजे खव्याचं सारण भरून तळलेली आणि पाकात मुरलेली करंजीच जणू, आणि तिरुवैयारूचा अशोक हलवा, मूगडाळीचा, केशरी, तुपाने निथळणारा. हलवा गरम खावा आणि थोडाच घ्यावा.

कॉफी प्यायची ती कुंभकोणमला. तमिळनाडूतल्या प्रत्येक हमरस्त्यावर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्या दिसतात, पण त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी फक्त पितळी भांडीच अस्सल असतात. गावात, देवळांच्या आसपासच्या लहान हॉटेलांत उभं राहून बघा. पितळी फिल्टरमध्ये आदल्या रात्रीपासून थेंब थेंब उतरलेला काळा अर्क, त्यावर पाणी न घातलेलं ताजं दूध, मग डबऱ्यातून, म्हणजे पेल्याखालच्या खोलगट वाटीतून, पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात हातभर उंचीवरून दोन-तीनदा ओतणं. फेस वर आला की लगेच प्यायची. डबरा बशीसारखा वापरायचा असतो; कॉफी निववायला त्यात ओता आणि त्यातूनच प्या, कुणी काही म्हणत नाही.

कुंभकोणम तंजावूरहून 40 किलोमीटर, बस सतत असतात. हा एक पूर्ण दिवस. सारंगपाणी देवळाच्या रस्त्यावर श्रीनिवास रामानुजन यांचं कौलारू घर जपलेलं आहे: पुढे ओटा, आत रस्त्याकडच्या खिडकीशी खाट. या ओट्यावर बसून पोरगेल्या वयात तो पाटीवर गणितं करायचा. गणिताशी संबंध नसणाऱ्यालाही त्या ओट्याशी थांबावंसं वाटतं.

जवळच स्वामिमलैला ब्राँझच्या मूर्ती घडवणाऱ्या स्थपतींच्या कार्यशाळा आहेत. परवानगी मागितली तर बहुतेक जण बसू देतात. माप घ्यायला फूटपट्टी नाही. नारळाच्या झावळीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतात, तिला ठरावीक घड्या घालतात, आणि त्या घड्यांवरून चेहरा किती, छाती किती, गुडघा कुठे ते ठरतं. त्या मापाने मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या काठची तलम माती लिंपायची, वर जाड थर, मग तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. साचा फोडल्यावर एकच मूर्ती निघते. तिची दुसरी प्रत काढता येत नाही. नंतर छिन्नी-कानशीने आठवडे नि महिने चालणारं काम, आणि डोळे सगळ्यांत शेवटी. वाड्यातल्या चोळ मूर्ती आदल्या दिवशी बघितल्या असतील तर इथे बसण्याची गंमत काही निराळीच.

परतताना दारासुरम. दुसऱ्या राजराजाचं बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वराचं देऊळ, बृहदीश्वराच्या मानाने लहानसं. पण कोरीवकामात मला हेच जास्त आवडतं. दगडी रथाची चाकं आणि घोडे आहेत, तळाशी वीतभर उंचीचे शैव संतांच्या कथांचे पट आहेत. एका शिल्पात बैलाचं आणि हत्तीचं डोकं एकच आहे. एक अर्धा झाकला की दुसरा दिसतो. पर्यटक कमी, हिरवळ भरपूर. उन्हं उतरल्यावर तासभर नुसतं बसायलाही ही जागा चांगली.

आराम म्हणजे समुद्र असं ज्यांचं गणित आहे त्यांनी चौथा दिवस तरंगंबाडीला द्यावा. 1620 मध्ये डॅनिश लोकांनी नायकांकडून ही जागा घेतली आणि किनाऱ्यावर किल्ला बांधला; 1845 मध्ये सगळं इंग्रजांना विकून ते निघून गेले. याच बंदरात श्वार्ट्झ 1750 मध्ये उतरला होता. आज तिथे शांत रस्ते, जुनी चर्चं, किल्ल्याच्या तटाखाली लाटा, आणि शेजारी समुद्राने निम्मं गिळलेलं शिवाचं देऊळ आहे. खरेदीचं किंवा करमणुकीचं ठिकाण नाही. दुपार वाचत काढावी, संध्याकाळी किनाऱ्याने चालावं.

खरेदी तंजावूरलाच करा. मान डोलावणारी बाहुली मुलांसाठी. फणसाच्या लाकडाची वीणा घडताना बघायला एखादं दुकान. तंजावूर चित्र घेणार असाल तर घाई नको. सोन्याचा वर्ख खरा आहे की पत्रा, हे विचारा, आणि चित्र हातात घेऊन बाजूच्या उजेडात धरा. उठावाचं काम हाताने केलेलं असेल तर त्याच्या कडा सगळीकडे सारख्या नसतात.

कधी जावं? ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे ईशान्येचा पाऊस असतो, मार्चनंतर उन्हाचा तडाखा. म्हणून जानेवारी. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, माट्टु पोंगलला, बृहदीश्वराच्या प्रचंड नंदीला भाज्या, फळं आणि मिठाईने मढवतात. आणि पौष वद्य पंचमीला, तंजावूरहून तेरा किलोमीटरवर तिरुवैयारूला, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची आराधना असते. त्यांच्या समाधीसमोर शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती एका सुरात गातात. ती समाधी बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःच्या पैशाने बांधवली, आणि बायकांना तिथे गायला मिळावं म्हणून ती झगडली. मराठी कीर्तनकारांचाही या मातीशी संबंध आहे. त्यांच्याकडून साकी, दिंडी, ओवी, अभंग इथल्या हरिकथेत आले आणि तंजावूरच्या कृष्ण भागवतरांनी त्यांना तमिळ घाट दिला.

आराधनेला जायचं असेल तर तंजावूरमधली खोली काही आठवडे आधी ठरवा, त्या दिवसांत आयत्या वेळी मिळत नाही. पंचरत्न सकाळी असतात, मांडव त्याआधीच भरतो, म्हणून पहाटेच्या बसने निघा. बसायला पंचा आणि प्यायला पाणी जवळ ठेवा. गर्दीत पुढे घुसू नका. मागे बसलात तरी आवाज सगळीकडे पोचतो, आणि तिथे शेजारी बसलेली आजी हातावर ताल धरून प्रत्येक शब्द गात असते.