रॉबर्ट गिल आणि अजिंठ्याच्या प्रतिकृती : एक दृष्टिक्षेप

एकोणिसाव्या शतकात जालना ही मद्रास फौजेची छावणी होती. याच फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल (१८०४–१८७९) यांच्यावर ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम सोपविले. भोकरदनपासून फार दूर नसलेल्या अजिंठा गावातील बारादरीत राहून त्यांनी सुमारे दोन दशके हे कार्य केले. लेण्यांतील अंधुक उजेड, चित्रांवरील धुराचे थर आणि निखळणारा गिलावा अशा परिस्थितीत त्यांनी कॅनव्हासवर मूळ आकाराची तैलचित्रे रंगविली. पुढे ते छायाचित्रणाकडेही वळले. त्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

मराठी वाचकास गिल परिचित आहेत ते मुख्यतः पारोमुळे. ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य व त्यावरील २०१२ चा चित्रपट यांनी ही प्रेमकथा घरोघरी पोहोचविली. चित्रकार गिल मात्र तिच्या आड झाकोळले, असे म्हणावे लागते.

लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यांच्या बहुतेक प्रतिकृती डिसेंबर १८६६ च्या आगीत भस्मसात झाल्या. परिणामी १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह हेच काम नव्याने हाती घेतले. त्यांपैकीही अनेक चित्रे १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाली! दरम्यान मूळ भिंतींवरील रंग झडतच होते. म्हणूनच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील गिल यांची मोजकी चित्रे आज दस्तऐवज ठरतात. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.