संमीलनाची वीज: उशीर नेमका कशाचा?

ऑगस्ट 1955 मध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत अणुकेंद्रकांच्या संमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल, असं त्यांनी भाषणात सांगितलं. सत्तर वर्षं उलटली तरी संमीलनावर चालणारं एकही वीजकेंद्र जगात नाही, म्हणून 'ही नुसती हवा होती' असं सर्रास म्हटलं जातं. पण भाभांच्या अंदाजाला आधार होता. शिकागोत 1942 साली युरेनियमच्या विखंडनाची पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया झाली आणि 1954 मध्ये सोव्हिएत संघातल्या ओब्निन्स्कच्या अणुभट्टीतून वीज मिळू लागली. अवघ्या बारा वर्षांत काम फत्ते! मग संमीलनाला वीस वर्षं धरली तर बिघडलं कुठे? बिघडलं ते दोन्ही प्रक्रियांना एकच माप लावण्यात. विखंडन घडवणाऱ्या न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे युरेनियमच्या केंद्रकात शिरताना त्याला विरोध होत नाही. शिकागोतली भट्टी ग्रॅफाइटचे ठोकळे रचून उभी केलेली होती आणि ती साध्या तापमानाला चालली. संमीलनात ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांची केंद्रकं जोडायची असतात, आणि दोन्ही धनभारित असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. चुंबकीय यंत्रात त्यासाठी सुमारे 15 कोटी अंश सेल्सिअस तापमान गाठावं लागतं. इतका तप्त वायू कोणत्याच भांड्यात ठेवता येत नाही. तो चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरावा लागतो.

तरीही विज्ञान जागच्या जागी अडलं, हे खरं नाही. इंग्लंडमधल्या 'जेट' यंत्रात 1997 साली 24 मेगावॉट उष्णता देऊन संमीलनातून 16 मेगावॉट मिळाले. दुसऱ्या टोकाचा गैरसमज डिसेंबर 2022 मध्ये पसरला. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात लेसरने इंधन असलेल्या लक्ष्यावर 2.05 मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि 3.15 मेगाज्यूल बाहेर आली, तेव्हा 'आता प्रश्न सुटला' अशा बातम्या झळकल्या. त्या लेसरने विजेच्या जाळ्यातून सुमारे 300 मेगाज्यूल ओढले होते, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटलं. प्रयोग ऐतिहासिक होता यात शंका नाही, पण वीजकेंद्रासाठी लागणारा हिशेब तो नव्हे.

खरा वेळ जातो तो यंत्र घडवण्यात. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या 'ईटर' या आंतरराष्ट्रीय संमीलन यंत्रात भारतही भागीदार आहे. त्याचं अवाढव्य क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला वेढणारं निर्वात शीतपात्र, गुजरातेत हजिराला घडलं. ईटरच्या उष्णतारोधक कवचावरच्या शीतक नळ्यांना चिरा पडल्याचं 2022 मध्ये जाहीर झालं. कारण काय, तर नळ्यांच्या जोडांजवळ अडकून राहिलेला क्लोरीनचा अंश. निर्वात पात्राच्या भागांच्या कडाही मोजमापात बसत नव्हत्या. नव्या वेळापत्रकानुसार संशोधनाचं काम 2034 मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग 2039 मध्ये सुरू होतील. या दोषांत भौतिकशास्त्राचा एकही सिद्धान्त खोटा ठरलेला नाही. पण अशा यंत्रात एक नळी बदलायची तर भोवतालचं सगळं आधी उतरवावं लागतं.

यावर आक्षेप येतो की पैसा कमी पडला, म्हणून उशीर झाला. यात तथ्य आहे: 1976 च्या अमेरिकी आराखड्यात सुचवलेला वेगवान खर्च प्रत्यक्षात कधी झालाच नाही. पैसा असता तर अनेक चाचण्या एकाच वेळी करता आल्या असत्या. मात्र काही चाचण्यांचा क्रम पैशाने बदलत नाही. यंत्राच्या भिंतीवर संमीलनातून निघणाऱ्या वेगवान न्यूट्रॉनांचा वर्षानुवर्षं मारा झाला की पोलाद कसं वागेल, हे पाहायला आधी तसा मारा करणारा स्रोत हवा; स्पेनमध्ये ग्रॅनाडाजवळ तो आता कुठे उभारला जातोय. ट्रिटियमचं अर्धायुष्य जेमतेम 12.3 वर्षं, आणि निसर्गात ते नाममात्र सापडतं. एक गिगावॉटच्या केंद्राला वर्षाला पन्नासहून अधिक किलो लागेल, म्हणजे ते यंत्रातच लिथियमपासून तयार करावं लागेल, आणि ही साखळी वीजकेंद्राच्या प्रमाणावर अजून कोणी चालवून पाहिलेली नाही. नव्या अतिवाहक चुंबकांमुळे यंत्रं लहान होतील आणि खासगी कंपन्या लवकर पोहोचतील, असा दावा केला जातो. चुंबकांची प्रगती खरी आहे आणि स्वागतार्हही. पण ट्रिटियम आणि भिंत हे दोन प्रश्न लहान यंत्रालाही चुकत नाहीत. उलट तेवढीच शक्ती लहान जागेत निर्माण केली, तर भिंतीवरचा मारा आणखी दाट होतो.