घरचा वीजभार आणि छपरावरची सौर वीज

खासबाग, वडगाव, शहापूर या आपल्या विणकर वस्त्यांत वीज ही केवळ दिव्या-पंख्यापुरती नाही. कित्येक घरी मागच विजेवर चालतो, आणि मोटर थांबली की मजुरी थांबते. म्हणून सोलर बसवू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी भाराच्या हिशेबाविषयी आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

एकाच वेळी घर जितकी वीज ओढते, तो त्या घरचा भार. एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ७४६ वॅट; गळती धरून ती हजाराच्या आसपास ओढते. गीझर २०००, पंखे-दिवे ४०० धरले, तर सकाळी तिन्ही मिळून ३४०० वॅट, म्हणजे सुमारे १५ अँपिअर होतात.

आता तीन किलोवॅटचे सोलर बसविले म्हणजे भार तितका घटला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे बारा युनिटे मिळतील व बिल उतरेल, हे खरे. पण रात्री आठला सोलर शून्य, आणि आपल्याकडील आषाढाविषयी काय सांगावे! तारा व मेन स्विच पूर्ण भाराचेच हवेत.

उलट एक नवी काळजी उत्पन्न होते. हेस्कॉमकडून येणाऱ्या विजेवर २० अँपिअरची एमसीबी आहे असे समजा. सोलर त्यात सुमारे १३ अँपिअर घालते. दोन्ही प्रवाह जेथे एकत्र होतात, तेथून पुढच्या सामाईक तारेवर ३३ अँपिअर वाहू शकतात, तरी मेन एमसीबी पडत नाही; तिला आपले वीसच दिसतात. जुन्या घरातील बारीक तार अशा वेळी तापते. हे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते.

वीज गेली की साधे सोलरही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला धक्का बसू नये, म्हणून ती योजना असते. त्यासाठी बॅटरी हवी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री १८०० वॅट-तास देते. पंखे-दिवे तिच्यावर तीनेक तास चालतील. मागाची मोटर मात्र सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढते. लहान इन्व्हर्टरला ते झेपत नाही. शिवाय वीज परतल्यावर लाईनवरून चार्ज होणारी बॅटरी स्वतःच भार असते. तोही बेरजेत धरावा.

२०२४ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जास तांत्रिक तपासणीची अट नाही, व जरूर तर मंजूर भार वाढविण्याचे काम वीज कंपनीचे आहे. घरातील तारांची तपासणी मात्र परवानाधारक वायरमनकडून आपणच, सोलरची ऑर्डर देण्यापूर्वी, करून घ्यावी.