आधी गाडी तापली, मग गॅस्केट गेलं

"गॅस्केट गेलं म्हणून गाडी तापली." शिरूरला चहाच्या टपरीवर असो की दौंडला स्पेअर पार्टच्या दुकानात, जुन्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. पुढचंही ठरलेलं: "नवं टाक, दोन तासांचं काम." हे इतक्यांदा ऐकलंय, की आता ऐकलं तरी माझंच हेड तापतं.

बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते. गाडी आधी तापते, गॅस्केट नंतर जातं.

कसं ते बघा. इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, खालचा ब्लॉक बऱ्याच जुन्या गाड्यांत बिडाचा, दोघांच्या मध्ये गॅस्केट. तेवढ्याच उष्णतेला अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. इंजिन 85-90 अंशांवर चालतं तोवर हा फरक गॅस्केट सांभाळून घेतं. पाणी आटलं किंवा फॅन बंद पडला, की हेड वाजवीपेक्षा फुगू बघतं. बोल्ट त्याला हलू देत नाहीत, मग ते वाकतं. गार झाल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. वाकल्या जागी गॅस्केटवरचा दाब कमी होतो आणि तिथून जळता वायू पाण्याच्या वाटेत घुसतो. त्याने गाडी आणखी तापते, म्हणून दोष गॅस्केटच्या माथी बसतो. वयाने किंवा गंजाने गॅस्केट आपणहून जातं, नाही असं नाही. पण वाकलेल्या हेडखाली नवं गॅस्केट घालणं म्हणजे कलत्या भिंतीला गिलावा करणं.

हा शहाणपणा मलाही आयता मिळालेला नाही. गळिताच्या हंगामात न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालो होतो. पुढे उसाच्या ट्रॉल्या, मागे माझी मारुती 800, दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही. वेगात वाऱ्याने रेडिएटर गार होतो; रांगताना सगळी भिस्त फॅनवर. काटा लालमध्ये गेला. घरी हेड खोललं, जळकं गॅस्केट बदललं आणि स्वतःची पाठ थोपटली. तीन आठवड्यांत रेडिएटरमध्ये पुन्हा बुडबुडे!

दुसऱ्यांदा मात्र हेड उलटं ठेवून, घासून पुसून त्यावर स्टीलची सरळ पट्टी तिरपी धरली आणि फटीत फीलर गेजची पाती घालून पाहिली. सुझुकीचं वर्कशॉप मॅन्युअल 0.05 मिलिमीटरपर्यंतच सूट देतं, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. माझ्याकडे 0.15 चं पातं मधल्या सिलिंडरपाशी सहज आरपार गेलं. हेडचं फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाटीकरण, करून घ्यावं लागलं. आणि मूळ रोग? फॅनचा थर्मोस्विच मेलेला. पहिल्या वेळी मी त्याच्याकडे बघितलंही नव्हतं.

आता बाकीचे गैरसमज, एकेका दमात.

"जितकं आवळाल तितकं पक्कं." चूक. टॉर्कचा साधारण दहावा हिस्साच बोल्टला ताणतो, उरलेला घर्षण खातं. आटे घाणेरडे असले तर पाना "झालं" म्हणतो आणि बोल्ट सैलच असतो. आटे साफ करा, भोकांतलं पाणी-ऑइल काढा, मधून कडेला दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळा. खोलताना कडेकडून मध्ये, तेही इंजिन गार असताना.

"शेलॅक चोपडलं की गळत नाही." मॅन्युअल सांगत नसेल तर गॅस्केट कोरडंच बसवायचं.

"ड्रिलला घासायची चकती लावली की हेड चकाचक." जनरल मोटर्सने आपल्या मेकॅनिकांना याविरुद्ध पत्रकच काढलं होतं: चकतीची बारीक कच ऑइलमध्ये जाऊन बेअरिंग खाते.

"पांढरा धूर म्हणजे गॅस्केट गेलंच." डिसेंबरच्या सकाळी प्रत्येक सायलेन्सर वाफ सोडतो. इंजिन गरम झाल्यावरही धूर थांबला नाही आणि पाणी कमी होत राहिलं तर संशय घ्या. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरमध्ये जळका वायू येत असेल तर हा द्रव पिवळा पडतो.

"आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट काढून टाकावा." त्याने इंजिन गारठतं, पेट्रोल जास्त पितं, झिजतं. काढल्यावरच गाडी तापायची थांबली, तर बिघाड बहुधा त्यातच होता, नवा बसवा.

"कूलंट बर्फाच्या मुलखासाठी." बोअरचं पाणी तापवलेल्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनातही बसतो. शिवाय कूलंट अ‍ॅल्युमिनियमला गंजू देत नाही आणि पाण्यापेक्षा उशिरा उकळतं.

"मापाचं दिसलं की कुठलंही गॅस्केट चालतं." अनेक डिझेल इंजिनांना पिस्टन किती वर येतो ते मोजून ठरावीक जाडीचं गॅस्केट लागतं. ज्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला, मोटारींची इंजिनं बनतात तिथे हे सांगावं लागतं!

"घरी जमतच नाही." जमतं. तीन सिलिंडरचं हेड एकटा माणूस उचलतो. टायमिंगच्या खुणा जुळवायला धीर लागतो, फेसिंगला मशीनवाला लागतो, बाकी अंगणात होतं.

फक्त गॅस्केटचा भाव विचारण्याआधी एक करा. रेडिएटर भरलेला आहे ना, ते इंजिन गार असतानाच बघा. मग गाडी उभ्या जागी चालू ठेवा, नजर काट्यावर असू द्या आणि फॅन लागतो का ते ऐका.